‘ऑल वेदर’ म्हणून विकलेलं अंगणातलं फर्निचर एका पावसाळ्यात गंजलं: पूर्ण परताव्यासाठी तक्रार

दि. 14 ऑक्टोबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
बाग व गच्ची फर्निचर विभाग

विषय: सदोष माल, दिशाभूल करणारी जाहिरात आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

यंदाच्या मार्चमध्ये तुमच्या संकेतस्थळावरून मी चार खुर्च्या, एक टेबल आणि स्टँडला टांगायचा झोपाळा असा सेट घेतला. किंमत करासह 46,900 रुपये, सगळी रक्कम आगाऊ भरली. सप्टेंबर संपेपर्यंत दोन खुर्च्यांचे पाय आतून कुजले, विणकामाच्या पट्ट्या तडकल्या, गाद्यांना काळी बुरशी धरली. झोपाळ्याच्या उभ्या दांड्याचा तळाकडचा वेल्ड तर इतका गंजलाय, की त्यावर कोणाला बसू देणं धोक्याचं आहे. यावर तुमच्या ग्राहक सेवा विभागाने ‘किनारपट्टी भागातला गंज वॉरंटीत बसत नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर पाठवून तक्रार बंद केली. ते उत्तर मला मान्य नाही.

मी हा सेट कशाच्या भरवशावर घेतला ते आधी सांगते. तुमच्या पानावर तीन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या: अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, ऑल वेदर (म्हणजे ऊन-पावसात टिकणारं) विकर, अर्थात वेतासारखं दिसणारं प्लास्टिकचं विणकाम, आणि दोन वर्षांची वॉरंटी. फोटोत समुद्रकिनारी लाकडी डेक, मागे माडाची झाडं आणि त्यावर हाच झोपाळा. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर. ऑर्डर देताना मी पिनकोड टाकला, तुमच्या यंत्रणेने तो स्वीकारला, ‘आपल्या भागात डिलिव्हरी उपलब्ध’ असं दाखवलं आणि माल घरपोच आला. माल किनारपट्टीवर चाललाय हे तुम्हाला पैसे घेण्याआधी माहीत होतं. किनारपट्टीला वॉरंटी लागू नाही, हे वाक्य मात्र संकेतस्थळाच्या त्या पानावर कुठेच नव्हतं. ते खोक्यात आलेल्या वॉरंटी कार्डाच्या मागच्या बाजूला, बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं आहे. दोन्हींचे फोटो सोबत जोडले आहेत.

आता मालाबद्दल. गणपतीत अंगण धुताना खुर्ची उचलून तिरकी केली, तर पायातून तांबूस पाणी गळायला लागलं. पायाखालची प्लास्टिकची टोपी स्क्रूड्रायव्हरने काढली, तेव्हा नळीतून वाटीभर गंजाचं पाणी आणि पापुद्रे बाहेर पडले. पाणी निघून जायला खाली भोकच ठेवलेलं नाही. वर जिथे आडवी पट्टी पायाला जोडली आहे, त्या वेल्डच्या बारीक फटीतून पावसाचं पाणी आत जात राहिलं आणि आतल्या आत साचून राहिलं. बाहेरून पावडर कोटिंग (भट्टीत पक्का केलेला रंगाचा थर) चकचकीत, आतून नळीला रंगाचा हातसुद्धा लागलेला नाही. त्याच स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबल्यावर नळीला आरपार भोक पडलं.

अ‍ॅल्युमिनियम असं गंजत नाही. म्हणून फ्रिजवरचं चुंबक आणून लावून बघितलं. चारही खुर्च्यांना, टेबलाला आणि झोपाळ्याच्या दांड्याला ते घट्ट चिकटलं. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही मला अ‍ॅल्युमिनियमच्या नावाखाली साधं लोखंड विकलंत. याचा व्हिडिओ ग्राहक सेवेकडे पाठवला होता, त्याबद्दल तुमच्या उत्तरात एक अक्षर नाही.

विकरची गतही तशीच. बाहेर ठेवायच्या विणकामाला चांगल्या प्रतीचं पॉलिइथिलीन हे प्लास्टिक वापरतात आणि ते बनवतानाच त्यात उन्हाच्या अतिनील किरणांपासून वाचवणारं रसायन मिसळतात. पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण उन्हात त्यांचा मऊपणा उडून जातो आणि त्या कडक होऊन तुटतात. माझ्या खुर्च्यांच्या पट्ट्या मे महिन्यातच पांढुरक्या पडल्या होत्या, हात फिरवला की बोटांना भुकटी लागायची. म्हणजे पावसाच्या आधी उन्हानेच त्यांचा निकाल लावला होता. तुमच्या पानावर नुसतं ‘विकर’ लिहिलं आहे, पट्टी कोणत्या प्लास्टिकची ते नाही. लेखी कळवावं.

‘पावसात कव्हर घालायला हवं होतं’ असं तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं. मग ऑल वेदर कशाला म्हणायचं? आम्ही कोकणातली माणसं आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं वेळेवर उरकतो. पडवीला माडाच्या पानांचे झाप लावतो, लाकूडफाटा आत घेतो, उघड्यावर टिकणार नाही ते बाहेर ठेवत नाही. आमच्या पडवीतला सागवानी झोपाळा पणजोबांच्या वेळचा आहे, तो छपराखाली असतो म्हणून टिकला. अंगणात चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) कट्टा आहे, तो वर्षानुवर्षं पाऊस खातो. काय आत ठेवायचं आणि काय बाहेर, याची समज इथे प्रत्येक घरात आहे. तुम्ही ‘हे बाहेर ठेवा, बारा महिने ठेवा’ असं सांगितलंत म्हणून आम्ही बाहेर ठेवलं.

कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लंडनला अख्ख्या वर्षात पडतो साधारण सहाशे मिलिमीटर. आमच्याकडे एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो, वर खारा वारा आणि आठवडेच्या आठवडे न वाळणारी हवा. परदेशी धर्तीचं डिझाइन उचलून इथे विकायचं तर ते इथल्या पावसात तपासून बघायला हवं. आमच्या गावच्या फॅब्रिकेशनवाल्याला मी झोपाळ्याचा दांडा दाखवला. तो म्हणाला, “ताई, गॅल्व्हनाइझ केल्याशिवाय, म्हणजे जस्ताचा थर दिल्याशिवाय, आम्ही इकडे साधं गेटसुद्धा बनवत नाही.” समुद्राजवळ स्टेनलेस स्टील वापरायचं झालं तरी 304 या प्रतीऐवजी 316 प्रतीचं घेतात, कारण त्यातल्या मॉलिब्डेनम या धातूमुळे ते खारट हवेत जास्त तग धरतं. ही काही गुप्त विद्या नाही. या धंद्यातल्या माणसाला ती असायलाच हवी.

झोपाळ्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. खुर्चीचा पाय मोडला तर माणूस बसल्या जागी कलंडेल. झोपाळ्याचा दांडा तळातून सुटला तर बसलेला माणूस मागे फेकला जाईल आणि लोखंडी कमान त्याच्या डोक्यावर येईल. आमच्या घरात संध्याकाळी त्यावर माझे वडील बसायचे, वय 76. सुट्टीत भाचरं दोघं-दोघं मिळून बसायची. तो वेल्ड आम्ही वेळेत पाहिला म्हणून निभावलं. हाच झोपाळा तुम्ही किनारपट्टीवर किती घरांत दिलात ते तुमच्या नोंदीत असेल. त्या प्रत्येक घराला ‘वापर थांबवा’ असं कळवणं ही तुमची जबाबदारी आहे, आणि हे काम माझ्या परताव्याच्याही आधी करा.

2020 च्या लॉकडाऊननंतर बाल्कनी, गच्ची, अंगण यांच्याकडे लोकांचं लक्ष गेलं. शहरात फोल्डिंग टेबल-खुर्च्या, कृत्रिम गवत, दिव्यांच्या माळा आल्या. इकडे गुहागरपासून मालवणपर्यंत होमस्टे वाढले, मुंबई-पुण्याच्या लोकांनी दुसरी घरं बांधली आणि जवळपास प्रत्येक अंगणात टोपलीचा झोपाळा लागला, कारण पाहुणे फोटो काढतात तो तिथेच. मागणी खरी आहे, लोक पैसे मोजायला तयार आहेत. पण विकणाऱ्यांची चढाओढ लागली आहे ती फोटोची आणि सवलतीची. नळीची जाडी किती, धातू कोणता, पट्टी कशाची, गादीत कोणता फोम, हे पानावर शोधून सापडत नाही. माझ्या ओळखीच्या एका होमस्टेवालीने असेच सेट दोनदा बदलले आणि आता ती पुन्हा साध्या प्लास्टिकच्या मोल्डेड खुर्च्यांवर आली आहे. आम्ही स्वस्त माल मागितलेला नाही. खरं काय ते सांगितलं असतंत तर जास्त पैसे देऊन टिकाऊ वस्तू घेतली असती.

टाकून द्यायचं म्हटलं तरी पंचाईत. भंगारवाला लोखंड घेतो, पण नळीभोवती गुंडाळलेलं प्लास्टिक सोलून द्या म्हणतो. ते सोललं की लोक परसात जाळतात. हा धूर आमच्या गावाने का सोसायचा? त्यामुळे माल परत नेण्याची माझी मागणी नुसती हिशेबाची नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या टिकाऊपणाची हमी देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि चाचणी केली होती हे सिद्ध करण्याचा भार हमी देणाऱ्यावर असतो. म्हणून या सेटची गंजाबाबतची आणि उन्हाबाबतची चाचणी कुठे, केव्हा झाली, त्याचा अहवाल मला पाठवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुख्य दाव्याला छेद देणारी तळटीप चालत नाही, तुमच्या कार्डावरची ओळ नेमकी तशीच आहे. आणि ऑनलाइन विक्रीला लागू असलेल्या ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे, सदोष किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला तुम्ही नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं, हेही त्याच नियमांत आहे.

मला 46,900 रुपये पूर्ण परत हवेत आणि संपूर्ण सेट तुमच्या खर्चाने माझ्या अंगणातून उचलून नेला पाहिजे. दुरुस्ती, बदली सेट किंवा पुढच्या खरेदीचं कूपन मी स्वीकारणार नाही, कारण तेच लोखंड पुन्हा येईल. त्या पानावरचा ‘अ‍ॅल्युमिनियम फ्रेम’ हा मजकूर ताबडतोब काढावा, वॉरंटीतले अपवाद किमतीच्या शेजारी मराठीतही लिहावेत आणि झोपाळ्याबाबतची सूचना सर्व खरेदीदारांना पाठवून तिची प्रत मला द्यावी.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करीन आणि ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरून रत्नागिरी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. गंजलेल्या नळ्यांचे तुकडे मी जपून ठेवले आहेत, ते आयोगासमोर ठेवीन.

कळावे,

आपली ग्राहक,
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी

सोबत: बिलाची प्रत, खरेदीच्या दिवशीच्या पानाचे स्क्रीनशॉट, वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, वेल्ड व नळ्यांचे फोटो, चुंबकाचा व्हिडिओ, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार