थांबलात, त्याबद्दल

नमस्कार,

वयानं तुम्ही माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान असाल, पण हातात माइक असलेल्या माणसाला अरे-तुरे करवत नाही, म्हणून 'तुम्ही'. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या रात्री सांगलीत भावे नाट्यमंदिरात तुमच्या विनोदाच्या शोला जे होते त्यांना कळेलच, आणि तुम्हालाही. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर पांढरा सदरा घालून, उजवा हात मांडीवर ठेवून एक म्हातारे गृहस्थ बसले होते ना, ते माझे अण्णा. शेजारी मी.

शो संपल्यावर भेटायचं होतं, पण तुमच्याभोवती सेल्फीवाल्यांची झुंबड होती आणि अण्णांना पायऱ्या उतरायला वेळ लागतो. शिवाय तेव्हा बोलायला आले असते तर रडले असते. विनोदाच्या कार्यक्रमाच्या दारात रडणारी बाई बरी दिसत नाही.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. जत, आटपाडी, विटा, मुक्कामाच्या गाड्या. खचाखच भरलेल्या गाडीत "पुढं सरका, मधे जागा आहे" म्हणत वाट काढायचे आणि तिकिटं फाडता फाडता दोघातिघांची फिरकी घ्यायचे. सुट्ट्या पैशांवरून भांडायला उठलेला माणूस हसत खाली बसायचा. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, आणि वाचा गेली. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. समजतं सगळं. सकाळी पेपर लागतोच, आणि मॅच चालू असली की घरात दुसरं काही लावायची सोय नाही. शब्दही डोक्यात तयार असतो, फक्त तोंडापर्यंत यायला त्याला उशीर होतो. शिव्यांना मात्र उशीर होत नाही! स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, असं बऱ्याच पेशंटचं होतं. शिव्या, आकडे, आरत्या, पाठ असलेलं सगळं त्या मानानं सहज बाहेर पडतं. त्यामुळे आमच्याकडे "च्यायला" खणखणीत येतं आणि "पाणी" म्हणायला घाम फुटतो. त्या बाईंनी घरच्यांना बजावलं होतं, शब्द त्यांच्या तोंडात कोंबू नका, थांबा.

आणि नेमकं तेच लोकांना जमत नाही. बँकेत काउंटरवरचा माणूस अण्णांना सोडून माझ्याकडे बघतो, "यांना काय पाहिजे?" नातेवाईक त्यांचं वाक्य पुरं करून देतात, आणि तेही चुकीचं. काही जण ओरडून बोलतात, जणू कान गेलेत. सगळ्यात लागलं ते वेगळंच. दुसऱ्या एका शहरात असाच हास्याचा कार्यक्रम होता. निवेदक खाली उतरला, अण्णांसमोर माइक धरून नाव विचारलं, आणि त्यांचे ओठ हलायला लागले तेवढ्यात म्हणाला, "आजोबांना रेंज नाही वाटतं!" अख्खं सभागृह हसलं. तो पुढच्या खुर्चीकडे गेलासुद्धा. अण्णांनी त्यानंतर नाटक नाही, गाणं नाही, कुठंच यायचं नाव काढलं नाही. तुमच्या शोची तिकिटं माझ्या मुलानं काढली, नातवाचं मन मोडवेना म्हणून ते आले.

म्हणून तुम्ही रंगमंचाच्या कडेला येऊन "काका, तुम्ही काय करता?" विचारलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

अण्णांनी तोंड उघडलं. "कं..." आणि अडकले. मागच्या रांगेतून कोणीतरी मदतीला धावलं, "रिटायर असतील हो!" तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त डावा तळहात त्या दिशेनं उचललात, एसटीला हात करतात तसा, पण हळू. माइक तोंडापासून खाली घेतलात आणि कडेवर चक्क बसलात, पाय खाली सोडून. जणू तुम्हाला रात्रभर दुसरं काही काम नव्हतं.

तुमच्या धंद्यात शांतता म्हणजे मरण, एवढं मलाही कळतं. पंच पडला नाही की तुम्ही लोक 'आज मेलो' म्हणता. तिकीट काढलेली माणसं समोर, आणि तुम्ही ती शांतता एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी वाढू दिलीत. कपाळावर आठी नाही, 'बोला बोला' अशी मान हलवणं नाही.

"कंडक्टर."

"एसटी?" मान हलली. "मग आज तिकीट काढून आलाय ना?"

या वेळी फार वेळ लागला नाही. डोळे आधी चमकले, मग शब्द आला. "पास."

हशा असा उसळला की माझा मुलगा खुर्चीतून उठलाच. (खोटं नव्हतं हो. 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकटच आहे. नाट्यगृहात तो पास चालत नाही एवढंच.) तुम्ही पोट धरून हसलात आणि मग विचारलंत, "काका, निघू का पुढं?" अण्णांनी डावा हात वर नेला आणि नसलेली दोरी दोनदा ओढली. डबल बेल. एसटीनं शाळा-कॉलेज केलेले लोक होते सभागृहात, बाल्कनीतून कोणीतरी "टिंग टिंग" केलंच.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचेत, जी तुम्ही केली नाहीत. "काकांच्या हिमतीसाठी जोरदार टाळ्या" असलं काही म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर सगळं मातीत गेलं असतं. दयेच्या टाळ्या अण्णांनी पुष्कळ ऐकल्यात. तुम्ही त्यांच्या विनोदाला विनोद म्हणून हसलात, आणि पुढच्या माणसाकडे वळलात.

आमची सांगली म्हणजे नाट्यपंढरी. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक इथंच केलं, म्हणून दर 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, भाषणं होतात, रसिक मायबाप हा शब्द मोकळ्या हातानं वाटला जातो. मायबाप म्हणणारे आम्ही पोत्यानं बघितलेत. मायबापाला बोलू देणारा मात्र त्या रात्री बघितला. तुमचे आईवडील कोण, कुठले, मला माहीत नाही. चांगली माणसं असणार. अशी रीत शिकवणीला जाऊन येत नाही, आणि हल्ली ती भल्याभल्या पदांवरच्या माणसांतही दिसत नाही. दिसते ती कधी रिक्षावाल्यात, कधी औषधाच्या दुकानातल्या पोराशी बोलताना, आणि आता तुमच्यात दिसली.

अण्णांचं परवा ठरलंय, पुढच्या महिन्यात नाटकाला जायचं. कुठलं नाटक ते अजून ठरलेलं नाही, जागा मात्र पहिल्या रांगेतलीच पाहिजे.

त्यांची एक तक्रारही आहे, ती कळवायची मला सक्त ताकीद आहे. एसटीवरच्या तुमच्या तुकड्यात ड्रायव्हर घंटी मारून गाडी सोडतो असं येतं. घंटी कंडक्टरची असते. एक मारली की थांब, दोन मारल्या की चल. ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग असतं. तेवढं दुरुस्त करून घ्या, पुण्या-मुंबईच्या शोमध्येही.

आपली,
एका कंडक्टरची मुलगी, सांगली