व्यायलेल्या गाईच्या डाव्या बरगडीवर टिचकी मारून पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या जास्त दुधाच्या जातीच्या) गाईने व्यायल्यावर बाराव्या दिवशी पेंड खाणं सोडलं. कडबा तेवढा चघळायची. दूध निम्म्यावर आलं. अपचन समजून चार दिवस सलाईन आणि पाचक पावडरी झाल्या. पाचव्या दिवशी दुसरे डॉक्टर आले. त्यांनी डाव्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवून शेजारी बोटाने टिचकी मारली आणि नळी माझ्याही कानाला लावली. रिकाम्या पितळी हंड्यावर नख वाजावं तसा 'टिंग' आवाज! गाईच्या पोटाला चार कप्पे असतात; त्यातला उजवीकडे तळाशी असायला हवा तो चौथा कप्पा, म्हणजे चौथं पोट, वायूने फुगून डावीकडे, मोठं पोट (पहिला कप्पा) आणि बरगड्यांच्या मध्ये जाऊन बसलं होतं.

गोठ्यातच, गाय उभी ठेवून, उजव्या कुशीला भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. वायू काढला, पोट जागेवर आणून टाक्यांनी पक्कं केलं. तिसऱ्या दिवशी तिने खुराकाला तोंड लावलं.

हा आजार बहुतेकदा व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात होतो. वासरू बाहेर आलं की पोटात जागा मोकळी होते. त्यात वैरण कमी, खुराक एकदम जास्त आणि रक्तात कॅल्शियम कमी. जास्त दुधाच्या संकरित गाई गावोगाव आहेत, पण हे ऑपरेशन करणारे डॉक्टर शोधायला आम्हाला दोन तालुके पालथे घालावे लागले. पशुसंवर्धन विभागाने निदान प्रत्येक तालुक्याच्या चिकित्सालयात तरी ही सोय करावी, ही कळकळीची विनंती.

– एक दूध उत्पादक, सांगोला