दुकानात येऊन बसलेल्या ताईंना

ताई, नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय. डोक्याला मार लागलेलं माणूस आणखीही घरांत आहे, त्यांनाही कळू दे दादाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या ताई म्हणून, तुम्ही काय केलंत ते.

बाइकच्या अपघातातून दादा वाचला, टाके निघाले, चालू-बोलू लागला आणि पाहुण्यांच्या लेखी विषय संपला. घरात तो तिथून सुरू झाला. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकवायचं, थोड्या वेळाने पोराला जवळ घेऊन ढसाढसा रडायचं. गल्ल्यावर नोटा मोजताना कुणी साखरेचा भाव विचारला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. "माज आलाय", "वहिनीनं लाडावलंय"... फुकटचे सल्ले देणारे काय कमी असतात?

तुम्ही आधी आईला समोर बसवलंत. रागाला आवर घालायचं काम बरंचसं कपाळामागच्या मेंदूचं. डोकं जोरात आपटलं की तोच भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासतो. गाडी तीच आहे, ब्रेक ढिला झालाय, असं म्हणालात. आईनं अंगारे-धुपारे बंद केले. (शनिवारचा नारळ चालू आहे, तो असो.)

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे मणी ओवणं, चेंडू दाबणं असंच मला वाटायचं. तुम्ही मात्र दुकानात येऊन तांदळाच्या पोत्यावर बसलात आणि नुसतं बघत राहिलात. मग एकेक सांगितलंत. रेडिओ बंद. दादानं फक्त वजन करायचं, पैसे मी घ्यायचे. यादीतला जिन्नस बांधून झाला की त्यावर लगेच काट. दुपारी झोप हवीच, कारण थकला की भडका लवकर उडतो. संध्याकाळच्या गर्दीत तो नकोच. आणि ती खूण: काउंटरवर पालथा हात ठेवला की त्यानं मागच्या गोदामात जायचं. मागोमाग कुणी जायचं नाही, परत आल्यावर "का चिडलास?" विचारायचं नाही. वहिनीला हे शेवटचं फार जड गेलं.

परवा सुट्ट्या पैशांवरून एक गिऱ्हाईक दादाला नको ते बोललं. त्याचे कान लाल झालेले मला दिसले. हात पालथा पडला, दादा आत गेला. बाहेर आला आणि त्याच माणसाची तूरडाळ जोखून दिली.

"मी पूर्वीसारखा होईन का?" या त्याच्या प्रश्नाला तुम्ही खोटं "हो" म्हणाला नाहीत. फिनियस गेजची गोष्ट सांगितलीत. 1848 साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर त्याच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. लोक त्याचा बिघडलेला स्वभावच सांगत बसतात. तुम्ही पुढचं सांगितलंत: नंतर त्यानं चिलीत कित्येक वर्षं प्रवासी घोडागाडी हाकली, रोजचं बांधलेलं काम. दादानं लगेच विचारलं, "पगार किती होता?" तेव्हा तुम्ही किती हसलात!

फी कमी घेतलीत ते कुठं बोलू नका म्हणाला होता. बोललो.

आता दादा संध्याकाळी गल्ल्यावर बसायचं म्हणतोय. वहिनी नको म्हणते, मी म्हणतो अर्धा तास बसू दे. तुम्ही या, मग ठरवू.

तुमचा,
दादाचा धाकटा भाऊ