धसकटांवरून अबोला नको

स्विफ्ट करंट, सास्काचेवान, कॅनडा
12 मे

ती. आण्णा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आण्णा जेवढं बोलले त्याच्या दुप्पट आई नंतर हळू आवाजात बोलली, तेव्हा कुठं कळलं की भांडण धसकटांचं आहे. दादाने यंदा माळाच्या पट्टीतली, कापणीनंतर राहिलेली शाळूची धसकटं वेचलीच नाहीत. आण्णांनी "रानाला अवकळा आणली" म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलं. आणि दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढते आहे आई. मी मध्ये पडायला गेले तर "तू तिकडं बर्फात बस" असं ऐकावं लागलं. म्हणून पत्र. पत्र फोनसारखं कट करता येत नाही.

आण्णा, इथं बर्फ गेलाय आणि वारा सुटलाय. आपल्या माणदेशात आषाढातला वारा असतो ना, तसा, पण अडवायला डोंगर नाही. रस्ता नाकासमोर जातो आणि आभाळाला टेकतो. मी धान्याच्या कोठारात हिशेबाला लागले तेव्हा पहिल्या वसंतात मला वाटलं होतं की इथले शेतकरी आळशी आहेत. हजार हजार एकर रान, आणि गव्हाची धसकटं तशीच उभी! तुमचीच लेक, दुसरं काय वाटणार? माझ्या घरमालकीणबाईंना तसं बोलून दाखवलं. बाई पंचाऐंशीच्या. त्या नुसत्या हसल्या आणि चहा ठेवला. पुढचं बरंचसं त्या दिवशी आणि नंतर त्यांच्याच स्वयंपाकघरात ऐकलेलं, थोडं मी वाचलेलं.

सुरुवात तुमच्याच आवडीच्या गोष्टीपासून झाली. "कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" म्हणता ना तुम्ही? इथंही लोक अगदी तेच मानायचे. 1885 साली इथं मेटिस लोकांचा, म्हणजे युरोपीय आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाच्या लोकांचा, उठाव झाला. इंडियन हेड गावाकडचे घोडे सैन्याचं सामानसुमान वाहायला गेले आणि अँगस मकाय नावाच्या शेतकऱ्याची काही जमीन पेरायची राहिली. पुढल्या वर्षी दुष्काळ पडला, तर पीक आलं ते त्याच पडीक ठेवलेल्या तुकड्यात. ओल साठून राहिली होती. मग सगळ्यांनी धरलं: एक वर्ष पेरायचं, एक वर्ष रान काळं ठेवायचं, तण दिसलं की मोडायचं, वर बारीक मातीचा थर राखायचा म्हणजे ओल उडत नाही. ज्याचं रान जास्त भुसभुशीत आणि स्वच्छ, तो पट्टीचा शेतकरी.

ओलीपुरतं ते खोटं नव्हतं. वारा मात्र कुणी हिशेबात धरला नव्हता. 1930 नंतर पाऊस हटला आणि ती चाळणीने चाळल्यासारखी माती उठली. बाई म्हणतात, त्यांची आजी जेवणाच्या टेबलावर ताटं पालथी मांडायची आणि वाढायच्या क्षणी उलटी करायची. खिडक्यांना ओल्या चादरी. आई, तुझ्या जात्याभोवती पीठ साठायचं तशी माती खिडकीच्या फळीवर. कुंपणाच्या तारांत काटेरी झुडपं अडकायची, झुडपांत माती अडायची, की कुंपण गाडलं जायचं. तीच झुडपं हिरवी असताना कापून जनावरांपुढं टाकायची वेळ आली होती. मोटारीला पेट्रोल परवडेना म्हणून इंजिन काढून लोकांनी पुढं घोडे जुंपले, आणि त्या गाडीला पंतप्रधान बेनेट यांचं नाव ठेवलं. (हे तुम्हाला आवडेल. पुढाऱ्यांवर राग काढायची रीत सगळीकडं सारखीच.) 1937 साली तर या प्रांतात एकरी सरासरी तीन बुशेलही गहू आला नाही. आपल्या हिशेबाने पाऊण क्विंटल.

1935 मध्ये सरकारने रजायना शहरात उजाड झालेली शेती सावरायला एक खातं काढलं, पीएफआरए म्हणायचे त्याला. त्याने काय केलं ते ऐकून तुम्ही म्हणाल, हे तर आपलंच: शेततळी खोदायला मदत, उजाड सोडलेल्या रानात गवत पेरून सामायिक गायरानं, आणि झाडं. पण खरं डोकं शेतकऱ्यांचं. शेजारच्या आल्बर्टा प्रांतात मोनार्क गावाजवळ कूल नावाच्या भावांनी त्याच्या कितीतरी आधी रानाच्या लांबच लांब पट्ट्या पाडल्या होत्या, एक पिकाची, एक मोकळी. वारा पश्चिमेचा, म्हणून पट्ट्या दक्षिणोत्तर. आपण उताराला आडवा बांध घालतो, यांनी वाऱ्याला आडवा घातला इतकंच.

आता तुम्ही म्हणाल, धसकटांत कीड राहते. राहते, आण्णा. इथंही राहिली. गव्हाच्या काडीत अंडी घालणाऱ्या एका माशीला पट्ट्यांच्या कडा इतक्या मानवल्या की उभं पीक कापणीआधी आडवं व्हायला लागलं. पण म्हणून लोक काळ्या रानाकडं परत गेले नाहीत. ज्याची काडी आतून भरीव असते असा गहू शोधला, 1946 च्या सुमारास आला, नाव ठेवलं रेस्क्यू. उतारा पुरता बरा नव्हता, पण निभावलं.

आणि आता खास तुमच्यासाठी. चार्ल्स नोबल नावाचा मोठा शेतकरी होता, इतका मोठा की हजारो एकर कसून कर्जापायी एकदा सगळं घालवून बसलेला. पुन्हा उभा राहिला. 1935 च्या सुमारास कॅलिफोर्नियात गेला असता त्याने तिथं बीट काढायला जमिनीखालून पातं ओढताना पाहिलं. त्यावरून त्याने अवजार केलं: रुंद, धारदार पातं, चार बोटं खोल जमिनीखालून सरकणारं. तण मुळाशी कापलं जातं, माती उलटत नाही, आणि वरची धसकटं जशीच्या तशी उभी. इथल्या संग्रहालयात ते ठेवलंय. मी पाहिलं आणि एकटीच मोठ्याने म्हणाले, "अहो, हा तर कुळव!" फास तेवढी मोठी, आणि बैलांऐवजी ट्रॅक्टर. फरक एवढाच की आपण कुळवून झालं की धसकटं वेचतो आणि यांनी मुद्दाम ठेवली. आधी लोक हसले. त्या पद्धतीचं नावच इथं 'कचऱ्याचं पांघरूण' पडलं. बाईंच्या वडिलांच्या रानाजवळून जाताना शेजारी गाडी हळू करून बघायचे, म्हणे.

धसकटं का ठेवायची याचा छडा याच गावच्या प्रयोगशाळेत लागला. विल्यम चेपिल या मातीच्या अभ्यासकांनी बोगद्यात वारा सोडून माती तपासली. बहुतेक माती धुरळ्यासारखी उंच उडून जात नाही, ती जमिनीलगत टणाटण उड्या मारत जाते. एक कण पडतो तो दुसऱ्यांना उठवतो, त्यामुळं रानाच्या एका टोकाला सुरू झालेलं दुसऱ्या टोकाला पुरासारखं वाढतं. साधारण 0.84 मिलिमीटरहून मोठं ढेकूळ मात्र सहसा जागचं हलत नाही. म्हणजे ढेकळं राहू द्या आणि उड्या मारणाऱ्याला मध्ये काहीतरी आडवं येऊ द्या. धसकट आडवं येतं. पडलेल्या बर्फालाही अडवतं, त्याची ओल वर मिळते.

झाडांचंही थोडं. कॅरागाना म्हणून सायबेरियातलं झुडूप आहे, पिवळी फुलं, तुरीसारख्या शेंगा, उन्हात तडतड फुटतात. कॉन्क्वेस्ट गावाच्या लोकांनी 1935 पासून शेताशेतातून त्याच्या रांगा लावल्या. रांग जेवढी उंच त्याच्या दहा ते वीस पट लांबपर्यंत वारा मंदावतो. रोपं इंडियन हेडच्या सरकारी रोपवाटिकेतून फुकट यायची. ती वाटिका आता बंद आहे, आणि मोठी यंत्रं वळायला अडचण होते म्हणून लोक त्या रांगा उपटतायत. बाईंना तो विषय काढलेला चालत नाही.

1961 साली पुन्हा जबर दुष्काळ आला. पीक गेलं. पण बाई म्हणतात, त्या वर्षी आम्ही ताटं सुलटी मांडली.

आण्णा, मला माहीत आहे की आपलं रान म्हणजे हे रान नव्हे. आपली माती वाऱ्यापेक्षा वळवाच्या पहिल्या सरीला जास्त जाते. आपल्याकडं कडबा दावणीला लागतो आणि धसकटं आईच्या चुलीला. सगळी ठेवा असं मी म्हणतच नाही, दादाही म्हणत नसणार. त्याने फक्त माळाची पट्टी ठेवलीय, जिथून दर वळवाला लाल पाणी ओढ्याला जातं. या वेळी पहिला पाऊस झाला की दोघं मिळून जा आणि ओढ्याच्या तोंडाशी पाणी कसलं येतंय ते बघा. गढूळच आलं तर पुढल्या वर्षी मी सुट्टी काढून येते आणि सगळी धसकटं स्वतः वेचते. तोवर त्याच्याशी बोला. निदान आईला एकदाच वाढू द्या.

आई, सातवीत माझ्या टाचेत धसकट घुसलं होतं, तू बिब्बा लावला होतास, आठवतंय? डाग अजून आहे. या दोघांना सांग, माळाकडं जाताना वहाणा घालून जा म्हणावं. यंदा तिकडं धसकटं आहेत.

तुमची,
ताई