बाई, असं चालतं का?

संपादक महोदय,

मी पाचवीला मराठी शिकवते. ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध दिला, तर ३८ पैकी निम्म्याहून अधिक वह्यांत पहिला परिच्छेद एकच निघाला, तोही गाईडातल्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट. एका मुलाने मात्र लिहिले होते, ‘पावसात आमचं घर गळतं. आई पातेली मांडते. रात्रभर टपटप ऐकू येते. मला उन्हाळा आवडतो.’ वही देताना त्याने घाबरत विचारले, ‘बाई, असं चालतं का?’ तो प्रश्न माझ्या जिव्हारी लागला. ही भीती आम्ही शिक्षकांनीच घातली आहे.

निबंध वर्गात वाचला, तेव्हा काही मुले हसली. मग पावसाळा की उन्हाळा यावर त्यांना बोलायला लावले. अट एकच, आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, मग स्वतःचे. आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभूच्या आगरकरांची गोष्टही सांगितली. मतभेदांमुळे त्यांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. टिळक आणि ते एकमेकांविरुद्ध कडाडून लिहीत राहिले. तरी १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. वर्ग अगदी शांत झाला होता.

शिक्षण विभागाला कळकळीची विनंती आहे, पाठ केलेल्या निबंधाला पूर्ण गुण देऊ नयेत अशी स्पष्ट सूचना काढावी. पालकांनीही निबंधाचे पुस्तक आणण्याआधी मुलाला ‘तुला काय वाटतं?’ एवढे विचारावे.

– एक शिक्षिका, जि. सातारा