गुडघ्याखालची उशी आधी काढा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात, ओल्या फरशीवर किंवा एसटीतून उतरताना पाय मुरगळून गुडघा दुखावणे नेहमीचेच. बहुतेकांची दुखापत किरकोळ असते आणि घरच्या घरी बरी होते. पण घरोघरचे उपायही ठरलेले असतात: गुडघ्याखाली जाड उशी, मिठाच्या पुरचुंडीचा गरम शेक, तेल लावून रगडणे आणि ‘आठ दिवस हलू नकोस’ अशी ताकीद. या सगळ्यांत जास्त नुकसान उशीने होते, म्हणून हे पत्र.

उशीने बरे वाटते, हे खरे. सुजलेल्या गुडघ्यात पाणी साठते आणि गुडघा थोडा वाकलेला असला की आतला ताण कमी होतो. मात्र दिवसरात्र तसाच ठेवला तर तो पूर्ण सरळ होईनासा होतो. शिवाय सांध्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जातंतूंकडून मिळणारा इशारा क्षीण होतो. वाटीच्या जरा वर, आतल्या बाजूला बोट ठेवून पाय ताठ करून पाहा. चांगल्या पायात तिथला स्नायू टणक लागतो, दुखऱ्या पायात कणकेसारखा मऊ. जिना उतरताना गुडघा अचानक दुमडतो, त्याचे एक कारण हेच.

म्हणून आडवे पडून उशी टाचेखाली आणि पोटरीखाली घ्यावी, पाय छातीच्या पातळीपेक्षा वर आणि गुडघा सरळ. स्नायू जागा करण्यासाठी गुडघ्याखाली नॅपकिनची बारीक गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, ५ सेकंद धरावी, सोडावी. असे १० वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. झाले की गुंडाळी काढून टाकावी. मग टाच गादीवरून हळूहळू कुल्ल्याकडे सरकवत झेपेल तेवढाच गुडघा वाकवावा. हे दुसऱ्या दिवसापासून सुरू करता येते. थोडे दुखले तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर व्यायाम निम्मा करावा.

बर्फाबद्दल घोळ आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे सूत्र अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडले. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरे होणे लांबू शकते. तेव्हा बर्फ वेदना शमवण्यापुरता वापरावा: पहिले दोन-तीन दिवस, ओल्या फडक्यात गुंडाळून, एका वेळी १० ते १५ मिनिटे, मध्ये किमान दोन तास सोडून. फ्रीजरमधली मटारची पिशवी गुडघ्यावर छान बसते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडे खाली, हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्यामागून पाऊल वर उचलणारी नस कातडीलगत जाते, तिथे बर्फ दाबून धरू नये. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी बर्फ आणि शेक दोन्ही टाळावे, भाजले तरी कळत नाही.

गरम शेकाला बंदी नाही, वेळ चुकते. तळहाताच्या मागच्या बाजूने आधी मांडी, मग वाटी चाचपावी. निरोगी वाटी मांडीपेक्षा किंचित गार लागते. ती गरम लागते तोवर शेक, गरम लेप आणि मालिश नको.

क्रेप बँडेज मोठ्या माणसाला १० सेंटीमीटर रुंदीचे घ्यावे. पोटरीच्या मध्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा यावा. नुसता गुडघाच करकचून बांधला तर सूज पोटरीत आणि पावलात उतरते. बोटे गार, निळसर किंवा बधिर झाली तर लगेच सोडावे, झोपताना काढावेच.

औषधांत आधी डायक्लोफिनॅकचे जेल: २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन वेळा, हलक्या हाताने, खरचटलेल्या जागी नाही आणि वर शेक नाही. भागले नाही तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळी, दोन वेळांत किमान सहा तासांचे अंतर ठेवून घ्यावी. यकृताचा आजार असेल किंवा दारू घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारावे. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, ते बेरजेत धरावे. इतर वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाच्या, अल्सरच्या, रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरच्या रुग्णांनी परस्पर घेऊ नयेत. पावसाळ्यात सोबत ताप असेल तर कोणीच घेऊ नयेत. डेंग्यू निघाल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

चालायचे, पण काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरून. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उकिडवे आणि मांडी घालून बसणे काही दिवस बंद. घरी कमोड नसेल तर कमोड खुर्ची भाड्याने मिळते.

एक्स-रे कधी काढायचा, याचे कॅनडातील ओटावा येथे तयार झालेले नियम जगभर वापरतात. वय ५५ किंवा अधिक, केवळ वाटीवर किंवा बाहेरच्या त्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखणे, गुडघा काटकोनापर्यंत न वाकणे, दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे, यांपैकी एक जरी असेल तर एक्स-रे हवा. मार लागल्यावर दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साठलेले असू शकते, आणि गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल तर सांध्यातली कूर्चेची गादी फाटलेली असू शकते. या दोन्ही बाबतींत अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. गुडघा लाल व गरम होऊन थंडी-ताप आला, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर रात्र उलटू न देता रुग्णालय गाठावे.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा