झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीस

बाळ,

तुझं नाव विचारायचंच राहून गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. लालबागच्या ज्या झेरॉक्सच्या दुकानात तू बसतेस, तिथे त्या संध्याकाळी मंडळांच्या पावती पुस्तकांची गर्दी होती आणि मी लॅपटॉप कापडी पिशवीत घालून रडवेली होऊन उभी होते.

आमच्या ह्यांना मे महिन्यात पक्षाघात झाला. चालणं परत आलं, बोलणं नाही. कळतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडतो. बोलणं परत आणायला पहिले काही महिने फार मोलाचे, असं उपचार करणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं. दर मंगळवारी त्या व्हिडिओ कॉलवर शिकवायच्या, आणि नेमके त्याच दिवसांत आमचे चार मंगळवार फुकट गेले. मॅडम आम्हाला दिसायच्या. त्यांना ना आम्ही दिसायचो, ना आमचा आवाज जायचा. हे वही-पेन्सिल घेऊन पडद्यासमोर बसायचे आणि थोड्या वेळाने उठून जायचे. ते उठणं मला बघवत नव्हतं.

घरी आलेल्या दुरुस्तीवाल्याने ८०० रुपये घेतले, माझ्या हातातून माऊस ओढून खटाखट काहीतरी दाबलं, दुसऱ्याच कसल्याशा सॉफ्टवेअरमध्ये 'बघा, कॅमेरा चालतोय' म्हणून दाखवलं आणि जाता जाता नवीन लॅपटॉप घ्यायचा सल्ला दिला. हेल्पलाइनवरचा मुलगा 'कॅशे क्लिअर करा' म्हणून मोकळा झाला. घरचा पुतण्या तर म्हणाला, "काकू, तुला नाही जमायचं."

तू रात्री शटर ओढून आमचे तीन जिने चढून आलीस. जेवलीही नव्हतीस. टोनरने काळी झालेली बोटं ओढणीला पुसलीस आणि दोन्ही हात पाठीमागे धरून माझ्या खुर्चीमागे उभी राहिलीस. "आजी, माऊस तुमच्याच हातात राहू दे. मी फक्त सांगते." बाण चुकीच्या जागी गेला तरी तुझा हात पुढे आला नाही. वीस मिनिटं लागली. तुझ्या हातांनी दोन मिनिटांचं काम होतं ते, मला ठाऊक आहे.

कॅमेरा आणि माइक वापरू का, असं ब्राउझरने विचारल्यावर मी कधीतरी घाबरून 'ब्लॉक' दाबलं होतं. त्याने ते लक्षात ठेवलं आणि पुन्हा विचारलंच नाही. त्यात त्या दुरुस्तीवाल्याचं सॉफ्टवेअर मागे उघडंच, कॅमेरा अडवून बसलेलं. मी कपाळाला हात लावला, तर तू म्हणालीस, "आजी, तुम्ही काही बिघडवलं नाहीत. विचारल्याशिवाय कॅमेरा कुणाला द्यायचा नाही, हे त्याचं कामच आहे." माझी चूक कुणी इतक्या हळुवारपणे माझ्या पदरात घातली नव्हती गं. दिवसभर दुकानात उभं राहून असं बोलता येतं, ते कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग.

कॅमेऱ्याशेजारचा ठिपक्याएवढा दिवा लागला, तेव्हा ह्यांनी माझा खांदा दाबला.

गेल्या मंगळवारी कॉल मी एकटीने लावला. मॅडमनी ह्यांना विचारलं, "कुणी दुरुस्त केलं?" ह्यांनी ओठ जुळवले. "झे…" माझ्या तोंडावर पुढचं आलं होतं. तुझे ते पाठीमागचे हात आठवले आणि मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच म्हटलं, "झेरॉक्स."

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची आजी